साथीच्या काळात सेवा क्लब कसा चालू ठेवायचा: नव्या सदस्यांसाठी

तुम्ही सेवा क्लबमध्ये नुकतेच आला आहात, अजून सगळ्यांची नावंही पाठ झालेली नाहीत, आणि तेवढ्यात महासाथ येऊन ठेपली आहे, असं धरून हा लेख लिहिला आहे. क्लब कोणताही असो, १९०५ साली सुरू झालेल्या रोटरीच्या किंवा १९१७ सालच्या लायन्सच्या कुटुंबातला असो, नाहीतर चार शेजाऱ्यांनी मिळून काढलेला. अशा वेळी अडचणी बहुतेक सारख्याच असतात.

सुरुवातीलाच एक हिशेब डोक्यात पक्का बसवा. कोविड-१९ बद्दल जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली ती ३० जानेवारी २०२० रोजी, आणि ती संपल्याचं सांगितलं ५ मे २०२३ रोजी. म्हणजे सव्वातीन वर्षं. पहिल्या पंधरवड्यात क्लबमध्ये उत्साहाची लाट असते, सगळ्यांना सगळं करायचं असतं. ती लाट चौथ्या महिन्यात टिकत नाही. म्हणून माझं ठाम मत असं आहे की क्लबने दर आठवड्याला न चुकता करता येईल एवढंच काम अंगावर घ्यावं. एकदाच केलेल्या मोठ्या वाटपापेक्षा दर मंगळवारी सकाळी दहाला येणारा फोन एकट्या माणसाला जास्त उपयोगी पडतो. पुढची प्रत्येक पायरी त्याच विचाराने मांडली आहे.

आधी काय थांबवायचं ते ठरवा

क्लबची वर्षभराची कामं एका कागदावर लिहून काढा. प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न लिहा: यात किती माणसं, किती वेळ, कोणत्या हवेत एकत्र येतात? बंद सभागृहातली सभा, सहभोजन, पदग्रहण समारंभ, गाण्याचा कार्यक्रम हे सगळं लगेच थांबवा. "यंदा छोट्या प्रमाणावर करू" हा मधला मार्ग सोयीचा वाटतो, पण त्यात निर्णय नुसता पुढे ढकलला जातो.

कार्यक्रम चांगल्या कामासाठी आहे, हे तो चालू ठेवायचं कारण होऊ शकत नाही. १९१८च्या फ्लूच्या साथीत फिलाडेल्फिया शहराने २८ सप्टेंबरची युद्धकर्ज उभारणीची मिरवणूक रद्द केली नाही. सुमारे दोन लाख लोक रस्त्यावर जमले आणि काही दिवसांतच शहरातली रुग्णालयं भरून गेली. दुसरं उदाहरण आपल्यासारख्याच हौशी मंडळींचं आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीच्या गायकवृंदाचा १० मार्च २०२० रोजी अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण आले होते. हातांच्या स्वच्छतेची काळजी घेतली होती, गळाभेटी टाळल्या होत्या. पण आलेल्यांपैकी एकाला लक्षणं होती. त्या एका व्यक्तीनंतर आणखी ५२ जण आजारी पडले, त्यातल्या ३२ जणांचं निदान चाचणीने पक्कं झालं, आणि दोघांचा मृत्यू झाला. हात स्वच्छ होते, पण खोलीतली हवा सगळ्यांची एकच होती. श्वासावाटे पसरणाऱ्या आजारात क्लबचे सगळे नियम हवेपासून सुरू झाले पाहिजेत.

थांबवलेल्या कामांची यादी फाडून टाकू नका. त्यातली काही रूप बदलून परत येतील. अभ्यासवर्ग फोनवर घेता येतो, पुस्तकपेटी दारात ठेवता येते, वृक्षारोपण दोघादोघांच्या गटात मोकळ्यावर करता येतं.

बाहेर कोण पडणार, घरून कोण काम करणार

बहुतेक सेवा क्लबांत ज्येष्ठ सदस्यांची संख्या मोठी असते. वर्षानुवर्षं धावून जायची सवय असलेली ही माणसं सगळ्यात आधी हात वर करतात, आणि आजाराचा धोकाही त्यांनाच सगळ्यात जास्त असतो. "कोण कोण तयार आहे?" असं भर सभेत विचारलंत तर साठी उलटलेला, मधुमेह असलेला सदस्यही भिडेपोटी हो म्हणेल. म्हणून असं सगळ्यांसमोर विचारू नका.

कामांचे दोन गट करा: बाहेरची आणि घरून होणारी. मग सचिवाने किंवा ज्याच्याशी सगळे मोकळेपणाने बोलतात अशा सदस्याने एकेकाला फोन करून एवढंच विचारावं, "तुम्हाला कोणत्या गटात ठेवू?" कारण विचारायचं नाही. कुणाला हृदयविकार असेल, कुणी गरोदर असेल, कुणाच्या घरी केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल. ते सांगितल्याशिवायही घरच्या गटात जाता आलं पाहिजे.

घरचा गट म्हणजे राखीव खेळाडूंचा बाक नव्हे. फोन, हिशेब, पाळ्या लावणं, औषधांच्या तारखा सांभाळणं, इतर संस्थांशी बोलणं ही क्लबच्या कण्याची कामं आहेत आणि ती सगळी घरूनच होतात. ज्येष्ठ सदस्यांना ही जबाबदारी नाव देऊन, अधिकारासह द्या. चाळीस वर्षं एकाच भागात काढलेल्या माणसाला कोणत्या घरात कोण एकटं राहतं हे जेवढं माहीत असतं, तेवढं कुठल्याही नोंदवहीत सापडत नाही.

प्रत्येक कामाला दोन नावं लावा, एक मुख्य आणि एक बदली. कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरू शकत होता, त्यामुळे "मला बरं वाटतंय" एवढ्यावर विसंबता येत नाही. घसा थोडा जरी खवखवला तरी त्या दिवशी घरी थांबायचं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागू नये. बदली नाव आधीच ठरलेलं असलं की माणूस निःसंकोच थांबतो.

आधी चौकशी करा

आपल्या भागात आणखी कोण काम करतंय, हे दोन दिवस लावून शोधा. स्थानिक आरोग्य विभाग, प्रार्थनास्थळं, शाळा, तरुणांचे गट, दुसरे क्लब. एकाच घरी तीन संस्थांची मदत पोहोचते आणि मागच्या गल्लीत कुणीच जात नाही, असं सर्रास होतं. प्रत्येक संस्थेचा एक माणूस आणि एक नंबर एवढी यादी केली तरी पुष्कळ. आरोग्य विभागाला "आम्ही हे देणार आहोत" असं कळवण्यापेक्षा "तुम्हाला काय कमी पडतंय?" असं विचारा. पुष्कळदा उत्तर अगदी साधं असतं: फोन उचलायला माणसं हवीत, अर्ज भरून द्यायला कुणीतरी हवं.

फोनची साखळी

क्लबला एकच काम झेपणार असेल तर हे करा. त्याला वाहन लागत नाही, फारसा निधी लागत नाही, परवाना लागत नाही.

यादी बनवताना वयावर थांबू नका. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल करणारे, अपंग व्यक्ती, लहान मुलांसह एकटे पालक, त्या भागात नव्याने आलेले आणि कुणाला न ओळखणारे, हे सगळे यादीत हवेत. क्लबचे जुने, आता सभेला न येणारे सदस्यही. प्रत्येकाला आधी विचारा, "आठवड्यातून एकदा फोन केला तर चालेल का?" नको म्हणाले तर नाव काढा, क्लबचा नंबर तेवढा देऊन ठेवा.

एका सदस्याकडे पाच ते सात घरं, जास्त नाहीत. आणि दर वेळी तोच आवाज, तोच दिवस, तीच वेळ. विश्वास यायला तीन-चार फोन जावे लागतात. पहिल्या फोनला "सगळं ठीक आहे" म्हणणारी व्यक्ती चौथ्या फोनला सांगते की रक्तदाबाच्या गोळ्या पुरवून पुरवून, एक दिवसाआड घेत आहे. दर आठवड्याला माणूस बदललात तर तो चौथा फोन कधीच येत नाही.

पहिल्याच फोनमध्ये काही गोष्टी लिहून घ्या. हाक कशी मारलेली आवडते, कमी ऐकू येतं का, औषधं कोणत्या तारखेला संपतात, अडीअडचणीला कुणाला कळवायचं. त्यांच्या घराची किल्ली आणखी कुणाकडे असते का, हे आवर्जून विचारा. त्याचा उपयोग पुढे येतोच.

नंतरच्या फोनमध्ये तीन प्रश्न पुरतात. औषधं किती दिवसांची शिल्लक आहेत? घरात काही संपत आलंय का? या आठवड्यात कुणाशी बोलणं झालं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. "तुमच्याशीच" असं उत्तर आलं तर त्या घरी दोन फोन करायला सुरुवात करा. बाकी वेळ ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली, तिचं सूत्र तीन क्रियांचं आहे: बघा, ऐका, जोडून द्या. फोनवर बघता येत नाही, पण आवाज कळतो. नेहमी भराभर बोलणारी व्यक्ती वाक्य अर्धं सोडून श्वास घेत असेल तर ते तुमच्या कानाला लागलं पाहिजे.

काय करायचं नाही, तेही ठरवून घ्या. औषध सुचवायचं नाही, डोस सांगायचा नाही, "होईल सगळं ठीक" असं आश्वासन द्यायचं नाही, आणि क्लबला न विचारता कशाचाही शब्द द्यायचा नाही. धाप लागणं, छातीत दुखणं किंवा दडपण, अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, ओठ निळसर पडणं यातलं काही कळलं तर गप्पा तिथेच थांबवा आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेला कळवा. तो नंबर फोन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर कागदावर लिहिलेला हवा. तुमच्या घरात दुसरा फोन असेल तर त्यावरून कळवा आणि पहिला चालू ठेवा.

घरात मारहाण किंवा छळ होत असल्याचा संशय आला तर सावध राहा. ऐकणारं कुणीतरी शेजारीच उभं असू शकतं. "आता बोलायला मोकळ्या आहात का?" असा हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारा. नाही म्हणाल्या तर विषय बदला, दुसरी वेळ ठरवा आणि ज्या संस्थेचं हे काम आहे तिच्याकडून सल्ला घ्या. स्वतः जाऊन घरच्यांना जाब विचारू नका, त्याने त्या व्यक्तीचाच धोका वाढतो. कुणी जगण्याचा कंटाळा आल्याचं बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग त्यांना एकटं न सोडता जवळच्या माणसाशी आणि मदतवाहिनीशी जोडून द्या.

आणि फोन उचललाच नाही तर? हा क्रम आधीच लिहून ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा, नाही उचलला तर त्यांनी सांगितलेल्या जवळच्या माणसाला फोन, मग किल्लीवाल्या शेजाऱ्याला, आणि तरीही पत्ता लागला नाही तर त्याच दिवशी कुणीतरी दारापर्यंत जाऊन यायचं. "उद्या बघू" हा पर्याय त्या क्रमात ठेवू नका.

या नोंदी वहीत ठेवा आणि वही सांभाळा. कुणाला काय आजार आहे, कोण एकटं आहे, ही माहिती क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही. समन्वयकाला सांगायची, तीही गरजेपुरती.

दारापर्यंतची मदत

किराणा, औषधं, कागदपत्रं पोहोचवणं हे बाहेरच्या गटाचं काम. नियम थोडेच असावेत आणि ते सगळ्यांना तोंडपाठ हवेत. पिशवी दाराशी ठेवा, घंटी वाजवा, दोन मीटर मागे या, माणसाने पिशवी आत नेईपर्यंत थांबा. घरात जायचं नाही, "पाणी तरी घ्या" म्हणाले तरी नाही. नकार देताना हसून बोला. मास्कमागचं हसू डोळ्यांत आणि आवाजात कळतं.

मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. एन-९५ मास्क चाचणीतले किमान ९५ टक्के सूक्ष्म कण अडवतो, पण नाकाच्या बाजूने फट राहिली तर हवा त्या फटीतूनच आत येते. हनुवटीवर ओढलेला मास्क तर नसल्यासारखाच. हातांसाठी साबण आणि पाणी उत्तम, तशी सोय नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर.

आता पैशाचं. साथीच्या काळात मदतीचं सोंग घेऊन फसवणारेही घरोघरी फिरतात, आणि ज्येष्ठ त्यांचं पहिलं लक्ष्य असतात. म्हणून तुमचा कार्यकर्ता खरा आहे हे समोरच्याला कळायची सोय तुम्हीच केली पाहिजे. फोटोचं ओळखपत्र द्या. आदल्या दिवशी फोन करणाऱ्याने सांगावं, "उद्या अमुक नावाचा माणूस येईल आणि हा शब्द सांगेल." ठरलेला परवलीचा शब्द सांगितला नाही तर दार उघडू नका, असंही त्यांना सांगून ठेवा. कुणाचं बँक कार्ड, पिन किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी कार्यकर्त्याने कधीही घ्यायचा नाही, त्यांनी आग्रहाने दिला तरी नाही. शक्य असेल तिथे दुकानाचे पैसे थेट दुकानाला जाऊ द्या. रोख घ्यावीच लागली तर पाकिटात घाला, पाकिटावर रक्कम लिहा, पावती आणि सुटे त्याच पाकिटातून परत करा. हा काटेकोरपणा कार्यकर्त्यावरच्या अविश्वासापोटी नाही. उद्या कुणी बोट दाखवलं तर तो पोरगा किंवा ती मुलगी एकटी पडू नये, म्हणून आहे.

औषधांच्या बाबतीत नाव, मात्रा आणि गोळ्यांची संख्या चिठ्ठीवर बघून घ्या, फोनवर ऐकून नाही. दुकानात एक औषध नाही म्हणून दुसरं दिलं तर तो निर्णय औषधविक्रेता आणि डॉक्टर घेतील, पिशवी नेणारा नव्हे.

ऑक्सिमीटर उसने देताना

ऑक्सिमीटर म्हणजे बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण टक्क्यांत दाखवणारं छोटं यंत्र. अनेक क्लब अशा यंत्रांची उपकरणपेढी चालवतात आणि ती उपयोगी आहे. प्रत्येक यंत्रावर क्रमांक टाका, वहीत कुणाला कधी दिलं ते लिहा, परत आलं की पुसून, बॅटरी तपासून मगच पुढे द्या. यंत्राबरोबर मोठ्या अक्षरांतला कागद द्या: पाच मिनिटं स्वस्थ बसा, हात ऊबदार असू द्या, नखाला रंग असेल तर काढा, आकडा स्थिर होईपर्यंत बोट हलवू नका, वेळ घालून लिहून ठेवा.

निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो. ९४ किंवा त्याखाली येऊ लागला तर डॉक्टरांशी बोला, ९०च्या खाली गेला तर ती तातडीची बाब आहे. आणि एक गोष्ट जरूर सांगा: सावळ्या आणि गडद त्वचेवर ही यंत्रं कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतात. आकडा बरा आहे पण माणूस धापा टाकतोय, तर माणसाकडे बघून निर्णय घ्या. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांचे नेहमीचे आकडे वेगळे असू शकतात, त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच मर्यादा लिहा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारं यंत्र, मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका.

सभा

सभा बंद पडली की क्लबही हळूहळू बंद पडतो, म्हणून ती व्हायला हवी. पण दोन तासांची सभा जशीच्या तशी पडद्यावर आणू नका. चाळीस मिनिटं पुष्कळ. झूमची मोफत गटसभाही तेवढ्याच वेळात तुटते, ती मर्यादा शिस्त म्हणून वापरा. विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवा. पहिली दहा मिनिटं फक्त एकमेकांची खुशाली, मग काम.

ज्यांना हे जमत नाही त्यांना मागे सोडू नका. एका तरुण सदस्याला सोबती म्हणून जोडून द्या. त्याने सभेच्या अर्धा तास आधी फोन करून लिंक कशी उघडायची, आवाज कुठून सुरू करायचा हे सांगावं, आणि हे दर वेळी, कुरकुर न करता करावं. स्मार्टफोनच नसेल तर साध्या फोनवरून सामील होता येईल अशी सोय निवडा. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर समोरून उजेड हवा, ओठ दिसले पाहिजेत.

क्लबच्या घटनेत ऑनलाइन सभेला आणि मतदानाला मान्यता आहे का, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. रोटरीने २०१६ सालीच आपल्या क्लबांना सभेच्या स्वरूपाबाबत मोकळीक दिली होती. स्वतंत्र क्लबांच्या नियमांत हा मुद्दा बहुधा नसतो. तसं असेल तर घटनेच्या चौकटीत बसेल असा तात्पुरता ठराव करून घ्या, गणपूर्ती मोजा, इतिवृत्त लिहा. साथ ओसरल्यावर निवडणुकीवरून किंवा खर्चावरून वाद निघाले, तर हेच कागद क्लबला सांभाळतात.

देणग्या आणि फोटो

साथीसाठी आलेला पैसा वेगळ्या खात्यावर किंवा निदान वेगळ्या पानावर ठेवा. दोन सह्यांशिवाय खर्च नाही. देणगीदाराने विशिष्ट कामासाठी दिलं असेल तर ते त्याच कामाला लावा, बदल हवा असेल तर आधी विचारा. दर महिन्याला जमा-खर्च सगळ्या सदस्यांना पाठवा, रक्कम लहान असली तरी.

मदत घेणाऱ्याचे फोटो काढू नका. याबाबत माझं मत कडक आहे. हातात पिशवी घेऊन कॅमेऱ्याकडे बघायला लावलेला माणूस पुढच्या वेळी गरज असूनही फोन करत नाही. संमती घेतली होती हे उत्तर पुरेसं नाही, कारण पिशवी देणाऱ्याला नाही म्हणणं अवघड असतं. देणगीदारांना कामाचा पुरावा हवा असेल तर पावत्या, आकडे, भरलेल्या पिशव्यांची रांग, पाळीवर आलेले कार्यकर्ते दाखवा. तेवढ्यावर समाधान होत नसेल तर ती देणगी नाकारायची तयारी ठेवा.

रक्तदान आणि लसीकरण

शाळा आणि कार्यालयं बंद पडली की तिथली रक्तदान शिबिरं रद्द होतात, पण अपघात, बाळंतपणं आणि कर्करोगाचे उपचार चालूच राहतात. तांबड्या पेशी सुमारे सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच ते सात दिवस. म्हणून एका दिवसाचं भव्य शिबिर घेण्यापेक्षा रक्तपेढीशी बोलून दर आठवड्याला ठरावीक दाते, ठरलेल्या वेळा देऊन पाठवा. दोन दात्यांमध्ये अंतर राहतं आणि रक्तपेढीला पुरवठा सारखा मिळतो.

लस आली की क्लबला नवं काम मिळतं. सेवा क्लबांना हे परकं नाही, रोटरीचा पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे. नोंदणी करून देणं, केंद्रापर्यंत नेणं, रांगेत खुर्च्या आणि सावली बघणं, लस घेतल्यावर पंधरा मिनिटं निरीक्षणासाठी बसलेल्यांच्या शेजारी थांबणं, ही सगळी कामं स्वयंसेवकाची आहेत. गाडीतून नेताना खिडक्या उघड्या ठेवा, दोघांनीही मास्क लावा, पाहुण्याला चालकाच्या तिरक्या मागच्या बाजूला बसवा.

कुणी लस नको म्हणत असेल तर वाद घालू नका. भीती कशाची आहे ते विचारा आणि पूर्ण ऐका. सुईची भीती, जुन्या आजाराची काळजी, कामावरची सुट्टी बुडण्याची धास्ती, रुग्णालयात पूर्वी झालेला अपमान, कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचं उत्तरही वेगळं. वैद्यकीय शंका डॉक्टरकडे पोहोचवा. इथे पुन्हा तो आठवड्याचा फोन कामी येतो. सहा महिने खुशाली विचारणाऱ्या आवाजावर माणूस विश्वास ठेवतो, अनोळखी पत्रकावर नाही.

थकवा आणि दुःख

सहा आठवडे सलग काम केलेल्याला दोन आठवडे सक्तीची सुट्टी द्या. मागून घ्यायची असेल तर चांगले कार्यकर्ते ती मागत नाहीत, म्हणून ती पाळीतच लिहिलेली हवी. फोन करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा आपापसात बोलावं. दिवसभर इतरांचं दुःख ऐकणाऱ्यालाही कुणाला तरी सांगायचं असतं.

क्लबमधला, किंवा यादीतला कुणी जाईल. अंत्यदर्शनाला जाता येणार नाही. तेव्हा पुढचं काम जरा बाजूला ठेवा. फोनवर किंवा पडद्यावर एकत्र या, त्या माणसाबद्दल प्रत्येकाला बोलू द्या, जे बोलले ते कुणीतरी लिहून घरच्यांना पाठवा. त्या व्यक्तीला फोन करणाऱ्या सदस्याकडे वेगळं लक्ष द्या. त्याच्या यादीतल्या रिकाम्या जागी लगेच नवं नाव घालू नका.

नव्यांना सामावून घेणं

साथीत अनेक जण पहिल्यांदाच क्लबकडे वळतात. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये आरोग्यसेवेने स्वयंसेवकांना हाक दिली तेव्हा साडेसात लाखांहून जास्त लोकांनी नोंदणी केली, आणि सुरुवातीला त्यातल्या अनेकांना काही कामच मिळालं नाही. छोट्या क्लबातही हेच घडतं. नवा माणूस आला की दोन दिवसांत त्याला एक ठरावीक काम, एक वेळ आणि विचारायला एक माणूस द्या. वर्गणी, गणवेश, नियमावली हे नंतर. तुम्ही स्वतःच तो नवा माणूस असाल, तर कुणी सांगेल म्हणून वाट बघू नका. समन्वयकाला फोन करून म्हणा, "मला पाच घरं द्या."

साथ ओसरू लागल्यावर

आकडे उतरले की लोकांना जुनं सगळं परत हवं असतं, आणि फोनची साखळी सगळ्यात आधी तुटते. ती एकदम तोडू नका. आठवड्याचा फोन पंधरवड्यावर न्या, मग महिन्यावर, आणि प्रत्येकाला आधी सांगून न्या. ज्यांना अजूनही आठवड्याला हवा आहे त्यांचा तसाच चालू ठेवा. काही घरी तो साथ संपल्यावरही वर्षानुवर्षं जाईल, तेवढी तयारी असू द्या.

पहिल्या प्रत्यक्ष सभा मोकळ्यावर घ्या. आत घ्यायची झाली तर समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा, आणि मास्क लावून येणाऱ्याला कुणी कारण विचारणार नाही याची काळजी अध्यक्षांनी घ्यावी. घरून सामील होण्याची सोय कायम ठेवा. तिच्यामुळे अंथरुणाला खिळलेले, दूर गेलेले, रात्रपाळी करणारे सदस्य क्लबला परत मिळालेले असतात.

मग एक संध्याकाळ काढून सगळं लिहून ठेवा: यादी कशी केली, परवलीचा शब्द कसा चालवला, कोणत्या संस्थेचा कोणता नंबर खरोखर लागला, कोणतं काम झेपलं नाही. उरलेल्या मास्कच्या मुदतीच्या तारखा बघा, ऑक्सिमीटरमधल्या बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवा, फाइल कुणाकडे आहे ते इतिवृत्तात नोंदवा. घरांच्या यादीतले नंबर दर सहा महिन्यांनी एकदा फोन करून तपासायचे, आणि ते काम कोण करणार त्याचं नाव त्याच सभेत ठरवून टाका.